दुसऱ्या महायुद्धातील विमानाच्या मशीनगनचे काडतूस कसे ओळखावे? आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या पितळी पुंगळीच्या बुडावर ‘एस एल ४३’ असे कोरलेले आहे. ती जपानी झीरो विमानाची असेल का?

नाही. ‘एस एल’ हा अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस येथील कारखान्याचा शिक्का आहे आणि ४३ म्हणजे 1943. पुंगळीची लांबी 99 मिलिमीटर आणि बुडाच्या कडेचा व्यास साधारण 20.4 मिलिमीटर भरला, तर ती ब्राउनिंगच्या 0.50 इंची मशीनगनची, म्हणजे 12.7 × 99 ची (नळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) पुंगळी आहे, हे निःशंक समजावे.

हा प्रश्न वाचून मला लिहावेसे वाटले, कारण आमच्या मेहुण्यांच्या दिवाणखान्यात नेमकी अशीच एक वस्तू काचेच्या कपाटात मांडलेली आहे आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती ‘झीरो विमानाची गोळी’ म्हणून दाखवली जाते. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि 1944 मध्ये इंफाळच्या आघाडीवर होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. मात्र या गोळीची कथा अशी सांगितली जाते की, जपानी विमानाने त्यांच्या ट्रकवर मारा केला, गोळी ट्रकच्या पत्र्यात रुतली आणि त्यांनी ती उपसून घरी आणली. माझी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली असल्यामुळे मोजल्याशिवाय कोणतीही वस्तू मान्य करण्याची मला सवय नाही. म्हणून एका दिवाळीत मी व्हर्निअर कॅलिपर बरोबर नेला. पुंगळी 99 मिलिमीटर भरली. बुडावर ‘एल सी ४३’ असे होते, म्हणजे मिसुरीतलाच लेक सिटीचा कारखाना. पुंगळीला बाजूने भोक पाडून आतली दारू काढलेली होती, तोंडात गोळी घट्ट बसवलेली होती आणि त्या गोळीचे तांब्याचे अंग आरशासारखे गुळगुळीत होते.

खरे तर एवढ्यावरच वाद मिटायला हवा होता. नळीतून सुटलेल्या गोळीवर नळीच्या आतल्या पिळाचे तिरके ओरखडे उमटतात. ज्या गोळीवर ते नाहीत ती कधी झाडलीच गेलेली नाही. शिवाय विमानातून मारा होतो तेव्हा गोळी ट्रकमध्ये शिरते आणि रिकामी पुंगळी विमानाच्या पोटाखालून किंवा पंखाखालून भलतीकडेच पडते, किंवा विमानातच साठते. ट्रकच्या पत्र्यातून दोन्ही एकत्र बाहेर येणे अशक्य आहे. मेहुण्यांनी यावर “तुम्ही तिथे होता का?” एवढेच विचारले. गोळीच्या टोकाच्या खाचेत काळ्या रंगाचा बारीक अवशेष मला दिसला होता. अमेरिकी पद्धतीत काळे टोक म्हणजे चिलखतभेदी, लाल म्हणजे माग दाखवणारी, फिकट निळे म्हणजे आग लावणारी आणि रुपेरी म्हणजे चिलखतभेदी व आग लावणारी गोळी. पुढच्या भेटीपर्यंत ‘काजळी’ म्हणून चिंच लावून तो रंगही घासून टाकण्यात आला होता. तुमच्या पुंगळीला कृपा करून चिंच, राख किंवा पॉलिश यांतले काहीही लावू नका.

आता झीरोविषयी. झीरो हे जपानी नौदलाचे विमान. त्याची मूळ शस्त्रे 7.7 आणि 20 मिलिमीटरची होती. इंफाळ-ब्रह्मदेशच्या आकाशात प्रामुख्याने जपानी लष्कराची विमाने होती आणि त्यांतल्या हायाबुसा विमानावरच्या हो-103 या मशीनगनची पुंगळी केवळ 81 मिलिमीटर लांब असते व तिच्या बुडाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. जर्मनांच्या एमजी 131 या मशीनगनची पुंगळी 64 मिलिमीटरची. तिच्या बुडालगत जाड पट्टा असतो आणि ती विजेच्या ठिणगीने पेटत असल्यामुळे झाडल्यावरही टोपीवर (बुडाच्या मधोमध असलेल्या, दारू पेटवणाऱ्या गोल चकतीवर) पिनेचा खड्डा पडत नाही. रशियन 12.7 ची पुंगळी 108 मिलिमीटरची. गोळीचा व्यास मोजून निवाडा करू नये, कारण 12.7 च्या ब्राउनिंगची गोळी प्रत्यक्षात 13 मिलिमीटरच्या जवळपास भरते आणि नवशिके तिला हमखास जर्मन ठरवतात. बुडावर ‘के एफ’ आढळले, तर तो आपल्या खडकीच्या कारखान्याचा शिक्का आहे. युद्धकाळातली तशी पुंगळी बहुधा 0.303 इंची, म्हणजे बरीच लहान निघेल.

तुमची पुंगळी विमानातलीच आहे का, हे मात्र पुंगळीवरून सांगता येणार नाही. थंडरबोल्ट विमानाच्या पंखांतल्या आठ मशीनगन, लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाचे बुरूज, रणगाड्यांवर व गाड्यांवर बसवलेल्या मशीनगन, या सर्वांत हेच काडतूस चालत असे. ब्रिटिश हवाई दलही ब्रह्मदेशात थंडरबोल्ट वापरत होते, त्यामुळे अमेरिकी शिक्का म्हणजे अमेरिकी वैमानिक, असेही मानू नये. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमाने बंगळूरला दुरुस्त होऊन भारतीय हवाई दलात 1968 पर्यंत उडत होती, म्हणून शिक्क्यावरचे वर्ष हे बनवल्याचे वर्ष असते, वापरल्याचे नव्हे.

एक महत्त्वाची गोष्ट आधी लिहायला हवी होती. पुंगळीत गोळी बसलेली असेल, बाजूला भोक नसेल आणि टोपीवर खड्डा नसेल, तर ती जिवंत समजून जागची हलवू नका व पोलीस ठाण्याला कळवा. गोळी उपटून पाहण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. पुंगळी रिकामी असेल तर मापे आणि बुडाचे छायाचित्र येथे टाका. घरातील वडीलधारे तरीही झीरोवर अडून बसले, तर त्यांना झीरोचा कोणता प्रकार एवढेच विचारा. शेवटच्या काही प्रकारांत 13.2 मिलिमीटरची मशीनगन होती खरी, पण तिच्या काडतुसावर मिसुरीतल्या कारखान्याचा शिक्का कसा आला, याचे उत्तर आमच्या मेहुण्यांनी अजून दिलेले नाही.