वडील 2006 ला नागपूर शहर पोलिसात लागले, जाहिरात 2005 च्या मे महिन्यातली. जुनी पेन्शन मिळेल का? दवाखान्याचं काय?

मिळू शकते, आणि हा मुद्दा अजिबात सोडू नका. 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांना नवी पेन्शन लागू झाली. पण पदाची जाहिरात त्याआधीची असेल तर जुनी पेन्शन निवडायची मुभा शासनाने 2 फेब्रुवारी 2024 च्या निर्णयाने दिली. विकल्प द्यायला 6 महिने होते. म्हणून आयुक्तालयाच्या आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तक उघडायला लावा. विकल्पाची नोंद आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा, पानाची प्रत घ्या, जाहिरातीचं कात्रणही जोडून ठेवा. विदर्भाच्या पेन्शनची प्रकरणं सिव्हिल लाइन्सच्या महालेखापाल कार्यालयातच मंजूर होतात. अपुरी नोंद तिथूनच परत येते.

दवाखान्याची मला जास्त काळजी वाटते. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेची कॅशलेस सोय नोकरीत असलेल्यांसाठी आहे. रात्रपाळ्या, बंदोबस्त यात शरीर झिजवलेल्या माणसाला 58 नंतरच तिची खरी गरज पडते, हे मला अन्यायाचंच वाटतं. बीपी-शुगर आधीपासून असेल तर खासगी विमा कंपनी त्या आजारांच्या खर्चासाठी 3 वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, त्यामुळे पॉलिसी निवृत्तीआधीच घ्या.