टाकी उचलून खांदा धरला, असं मीही म्हणालो होतो

तुमचं वाचून माझाच डावा खांदा आठवला. तुमच्या अंदमानात हॅवलॉकला 3 दिवसांत 8 स्कूबा डाईव्ह, शेवटच्या डाईव्हनंतर 16 तासांनी पोर्ट ब्लेअरहून विमान, घरी आल्यावर कोपर आतून ठणकतंय, करंगळीला मुंग्या. आणि विचारताय काय, तर 'टाक्या उचलून झालं असेल का, शेक देऊ का?' शेक राहू द्या. आत्ता निघा, लगेच ऑक्सिजन लावतील अशा मोठ्या रुग्णालयात. मी डॉक्टर नाही, बेंड्स (डीकंप्रेशन सिकनेस, म्हणजे दाब उतरल्यावर अंगात वायूचे बुडबुडे होऊन होणारा त्रास) नसेलही. पण ते घरी बसून ठरत नाही.

'कॉम्प्युटर एकदाही वाजला नाही' (मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर, धोका दिसला की वाजतो) हे मीही छाती ठोकून सांगायचो. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ एका दिवसात तीन डाईव्ह, शेवटच्या वेळी लाटा वाढल्या म्हणून वर येताना 5 मीटर खोलीवर घ्यायचा 3 मिनिटांचा थांबा अर्धवट सोडला, आणि संध्याकाळीच पुण्याकडे गाडी काढली. विमान कुठे घेतोय, रस्त्यानेच तर चाललोय! पण घाट चढून बेळगावला पोचलात की समुद्रापासून जवळपास अडीच हजार फूट वर. पाण्याखाली श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन तिकीट बघत नाही, दाब उतरला की त्याचे बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमध्ये तर हवा 6 ते 8 हजार फुटांवरच्यासारखी विरळ. म्हणून लागोपाठ डाईव्ह झाल्या असतील तर किमान 18 तास थांबा म्हणतात. मी आता 24 धरतो, घाटालासुद्धा.

घाटापेक्षा महाग पडली ती एका नावाजलेल्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. ड्युटीवरच्या पोराने विचारलं, "पोटात पाणी किती गेलं?" म्हटलं, बुडालो नाही हो, डाईव्ह केली. त्याने कागदावर लिहिलं, 'स्विमिंगनंतर स्नायू आखडला'. एक्स-रे, इंजेक्शन, गोळ्या, घरी. इंजेक्शनने दुखणं दबलं आणि मी शहाणा दोन दिवस ऑफिसला गेलो. तिसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लागेना. मग नौदलातल्या एका ओळखीच्याने चेंबरपर्यंत, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करतात त्या बंद खोलीपर्यंत, पोचवलं. 18 मीटर खोलीइतका दाब, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, पावणेपाच तास. खांदा अर्ध्या तासातच सुटला. करंगळी मात्र अजून थंडीत बधिर होते.

तेव्हा काउंटरवर पहिलं वाक्य हेच: 'स्कूबा डाईव्ह केली, मग विमानाने आलो, डीकंप्रेशन सिकनेसची शंका आहे.' दुखण्याचं नंतर. डाईव्ह कॉम्प्युटर सोबत न्या, त्यात खोली आणि वेळ सगळं असतं. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी तेवढ्यावर घरी येऊ नका, चेंबरवाल्या डॉक्टरांशी बोलायला लावा. डायव्हिंगचा विमा असेल तर त्यांना वाटेतच फोन करा. साध्या प्रवास विम्यात हे बऱ्याचदा बसत नाही, पण तो विषय काढला तर माझी रात्र जाईल.

आणि तुमची रविवारची टँडम जंप, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून विमानातून पॅराशूटने मारायची उडी, विसरा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. 2012 मध्ये स्कायडायव्हर फेलिक्स बॉमगार्टनर 39 किलोमीटरवरून उडी मारायला निघाला तेव्हा अंगातला नायट्रोजन काढायला आधी 2 तास शुद्ध ऑक्सिजन घेत बसला होता. तुम्ही तो अंगात घेऊन 10 हजार फुटांवर जाणार?

गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.