खांब बारीक झाला की

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्रयोगशाळेत रुळलीस, आयन बीमवर, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या कोरणाऱ्या झोतावर, हात बसायला लागला, हे वाचून फार बरं वाटलं. घरचे विचारतात, धातूचे केसापेक्षा बारीक खांब चिरडून काय मिळणार? आणि तू मला विचारतेस, अशा खांबांवर काम करणाऱ्या गटांनी आजवर मिळवलं तरी काय? किती शोधनिबंध आणि कुठले पुरस्कार, ते कुणीही सांगेल. मी तुला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विल्यम निक्स यांच्या गटाची हकिकत सांगतो, कारण तुझ्या कामाचं मूळ बरंचसं तिथे आहे.

आधी पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठव. आपण तिथे मठारकाम बघत उभे होतो. ठोके पडतात तसं तांबं कडक होत जातं, आणि तडकू नये म्हणून कारागीर ते तापवून पुन्हा मऊ करतो. कारण तुला पाठ आहे, तरी लिहितो. जड सतरंजी अख्खी ओढवत नाही. एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलली की सतरंजी सरकते. स्फटिकातली अशी सुरकुती, म्हणजे अणूंच्या रांगांतला सरकता दोष, ती डिस्लोकेशन. ठोकल्याने त्यांची गर्दी होते, त्या एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. दोष वाढले की बळ वाढतं, हे आम्ही वर्गात शिकलो आणि पुढे वर्गात शिकवलंही.

निक्स मुळात उच्च तापमानाला धातू हळूहळू कसे वाहतात याचे अभ्यासक. चिपवरच्या पातळ थरांत एवढा ताण का असतो, या प्रश्नाने ते सूक्ष्म मापांकडे ओढले गेले. नॅनोइंडेंटेशनची, म्हणजे अतिसूक्ष्म टोचा मारून कठीणता मोजण्याची, जी रीत आज प्रत्येक यंत्रात बसवलेली असते, ती 1992 मध्ये मांडणारे ऑलिव्हर आणि फार हे दोघेही त्यांचेच विद्यार्थी. 1998 मध्ये निक्स आणि गाओ यांनी सांगितलं की टोचा जितका उथळ तितकी कठीणता जास्त का भरते: टोच्याखाली विकृती, म्हणजे धातूचा आकार किती बदलला ते, जागोजागी बदलते आणि तो बदल सामावून घ्यायला जादा डिस्लोकेशन लागतात. स्पष्टीकरण सुरेख होतं, आणि चाललंही.

मग 2004 मध्ये उचिक, डिमिडुक, फ्लोरँडो आणि निक्स यांनी निकेलच्या एकस्फटिकातून, म्हणजे सलग एकाच स्फटिकाच्या तुकड्यातून, काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे खांब कोरून ते सरळ वरून दाबले. इथे विकृती सगळीकडे जवळपास सारखीच, म्हणजे जुनं स्पष्टीकरण लागूच पडू नये. तरीही खांब बारीक होत गेला तसा बळकट होत गेला! पुढे ज्युलिया ग्रीअर यांनी निक्स यांच्याकडेच सोन्याचे एका मायक्रॉनहून बारीक खांब दाबले, तेव्हा ताण 800 मेगापास्कलपर्यंत चढला. एरवी मऊसूत असणारं सोनं, बरं का. त्यांचा तर्क असा, की एवढ्याशा खांबात डिस्लोकेशन अडकण्याआधीच पृष्ठभागातून निसटतात. मग स्फटिकाला त्यांची उपासमार होते आणि नव्या घडवायला फार मोठा ताण लागतो. तांबट आळीत गर्दीने बळ येतं, इथे ओसाडीने. स्वतःचं गाजलेलं स्पष्टीकरण जिथे पुरत नाही, तिथे त्याच माणसाने आपल्या विद्यार्थ्यांना पुढे जाऊ दिलं, हे मला आकड्याहून मोठं वाटतं.

पण मी लिहायला बसलो तो यानंतरच्या भागासाठी. हे खांब बरेचसे गॅलियम आयनांच्या झोताने कोरलेले. आयन धातूत घुसतात, पृष्ठभाग बिघडवतात. मग हे बळ धातूचं की कोरण्याचं? अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या गटाने झोताला हातच लावला नाही. निकेल-ॲल्युमिनाइडमध्ये वाढलेले मॉलिब्डेनम मिश्रधातूचे तंतू त्यांनी भोवतालचा धातू आम्लाने विरघळवून मोकळे केले. त्यांत डिस्लोकेशन जवळजवळ नव्हते, आणि ते जाड-बारीक कसेही असले तरी निर्दोष स्फटिकाच्या सैद्धांतिक मर्यादेच्या जवळ जाऊनच हरले. आधी थोडे ताणून दोष घातल्यावर मात्र बळ घसरलं. 2010 मध्ये ग्रीअर यांच्या कॅलटेकमधल्या (कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) गटाने साच्यात विद्युतलेपनाने तांब्याचे खांब वाढवले. त्यांत मुळातच डिस्लोकेशन होते, आणि आकारानुसार बळ तसंच बदललं जसं झोताने कोरलेल्या खांबांत बदलतं. म्हणजे सुरुवातीला आत काय आहे, ते आधी पाहायला हवं. नुसता व्यास सांगून भागत नाही.

माझ्या तरुणपणी मी उथळ टोच्यांनी तांब्याची कठीणता मोजली होती. आकडे भरघोस आले, मी हरखलो, अहवाल देऊन टाकला. घासून चकचकीत करताना वरचा थर कडक झाला होता, हे इलेक्ट्रोपॉलिश केल्यावर, म्हणजे विजेने वरचा थर विरघळवल्यावर, कळलं. सहा महिने गेले, आणि माझ्या आकड्यावर विसंबलेल्या एका सहकाऱ्याचेही गेले. त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, खांब दाबण्याआधी त्याच्यासारख्याच कोरलेल्या दुसऱ्या खांबाचा पातळ काप ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघ, म्हणजे आतल्या डिस्लोकेशन दिसतील. खांब वर निमुळता आहे का, ते माप. निमुळता असेल तर ताण कुठल्या छेदावर काढलास ते वहीत लिही. दाबणाऱ्या सपाट टोकाशी खांब तिरका बसला तर ताण-विकृतीच्या आलेखाचा सुरुवातीचा उतार खोटा येतो. वाकलेले, घसरलेले खांबही मोजणीत धर, वगळू नकोस.

घरच्यांना अणुभट्टीचं उदाहरण दे. किरणोत्साराचा परिणाम अभ्यासायला आयन मारलेला थर जेमतेम काही मायक्रॉन खोल असतो, त्याचा मोठा नमुना निघतच नाही, तिथे असा बारीक खांबच कामी येतो. आणि खरंखुरं किरणोत्सारी पोलाद हाताळायचं तर कणभरच बरं.

पहिल्या खांबाचे दाबण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही फोटो पाठव. वाट पाहतो.