मुलीला तीसपर्यंत पाढे पाठ आहेत, पण ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिते. वजाबाकी कशी शिकवावी?

आधी ती रोजची वीस गणितं थांबवा. तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, बेरीज बिनचूक करते, पाढे धडाधड म्हणते, पण हातच्याच्या वजाबाकीची रोज वीस गणितं घालूनही चुकतेच. तिची उत्तरं तुम्ही दिलीत ते बरं झालं. ५२ − २७ = ३५, ६१ − ३८ = ३७, ४३ − १९ = ३६. तिन्ही एकाच पद्धतीने आली आहेत. वर-खाली काहीही असो, ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. हा धांदरटपणा नव्हे, तिने स्वतःच बसवलेला नियम आहे आणि तो ती इमानेइतबारे पाळते. जगभरची मुलं हेच करतात. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या अशा ठरावीक चुकांचा अभ्यास मांडला आणि त्यांना संगणकाच्या भाषेतला 'बग' (प्रोग्राममधला दोष) हा शब्द वापरला. वीस गणितं घातली की तोच नियम वीस वेळा घोटला जातो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान वर्गांना शिकवते. अशा मुलाकडून मी एक गोष्ट आधी करून घेते, ती तुम्हीही करा. खराट्याचे हीर बोटाएवढे कापा, नाहीतर आइस्क्रीमच्या काड्या घ्या. तिला ५२ काड्या मोजायला लावा. कागदावर ५२ लिहा. २ वर बोट ठेवून विचारा, "हे यातल्या कोणत्या काड्या?" ती दोन काड्या दाखवेल. मग ५ वर बोट ठेवून तेच विचारा. पुष्कळ मुलं शांतपणे पाच काड्या उचलून दाखवतात. उरलेल्या पंचेचाळीस काड्या समोर पडलेल्या असतात, त्यांचं काय, हे विचारलं की गोंधळतात किंवा हसतात. 'दशकाच्या घरात पाच' हे वाक्य त्यांना पाठ असतं, बरं का. तुमच्या मुलीनेही पाचच दाखवल्या तर अडचण वजाबाकीच्या खूप अलीकडे आहे, आणि हातचा समजावून काही उपयोग नाही.

मग गठ्ठे बांधायचे. दहा काड्या, एक रबर बँड. बांधायचं तिनेच, तुम्ही तयार गठ्ठे देऊ नका. आता ३४ मागा, ७० मागा, ४०९ नको, दोन अंकीच. ती गठ्ठा उचलताना आतल्या काड्या पुन्हा मोजते का तेवढं बघत राहा. स्वतः बांधलेला गठ्ठाही मुलं कितीतरी दिवस सोडून मोजतात. मोजू द्या. "दहाच आहेत ना, मग कशाला मोजतेस" हे वाक्य जिभेवर येतं, ते गिळायचं. ज्या दिवशी ती न मोजता "दहा, वीस, तीस" म्हणत गठ्ठे ठेवेल, त्या दिवसापासून वजाबाकीला हात घाला.

यात आपले संख्यांचे शब्दही थोडे आडवे येतात. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि लिहिताना पाच आधी लिहायचे. एकोणतीस ऐकून ३९ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात, कारण कानावर 'तीस' पडलेलं असतं. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गहजब झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा बालभारतीच्या गणिताच्या समितीवर होत्या. त्या वादात पडायची तुम्हाला गरज नाही. घरी बोलताना "बावन्न, म्हणजे पन्नास आणि दोन" असं जोडीने म्हणत जा.

आता ५२ − २७. वही लांब ठेवा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर. म्हणा, "मला सत्तावीस दे." ती दोन गठ्ठे देईल, मग सात सुट्या द्यायला जाईल आणि अडेल. इथे गप्प बसा. बहुतेक मुलं इकडेतिकडे बघून स्वतःच रबर काढतात. रबर निघालं की बारा सुट्या, त्यातल्या सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे दोन. असं पुरेसं झालं की मगच वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायला शिकवा, आणि प्रत्येक खाडाखोडीला काड्यांत काय झालं ते तिला सांगू द्या. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी त्यानंतर. गठ्ठा सुटतो, नोट सुटत नाही, ती कुणाकडून तरी मोडून आणावी लागते; म्हणून नोटा ही एक पायरी वरची.

घरात आजी-आजोबा असतील तर एक सूचना. जुन्या पद्धतीत "दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन" असं म्हणतात. उत्तर बरोबरच येतं, कारण वरच्या आणि खालच्या दोन्ही संख्यांत दहा मिळवले आहेत, ६२ − ३७ केल्यासारखं. पण शाळेत वरचा दशक सुटा करतात. आठ वर्षांच्या पोरीला एकाच आठवड्यात दोन्ही ऐकवलं की ती वरचाही कमी करते आणि खालचाही वाढवते. आजोबांना तूर्तास पाढे घ्यायला सांगा. पाढे वाया जाणार नाहीत, पुढे भागाकारात लागतातच.

तोंडी करताना दुकानदारासारखं पुढे मोजू द्या: सत्तावीसला तीन, झाले तीस, वीस, झाले पन्नास, वर दोन. म्हणजे पंचवीस. मण्यांची शंभरची माळ असेल तर त्यावर हे छान दिसतं. वहीतलं उत्तर ३५ आलं आणि तोंडी २५ आलं, तर "कोणतं खरं?" एवढंच विचारा आणि काड्या पुढे करा.

तीन अंकी संख्यांत ५०३ − २६८ सारखं गणित आलं की पुन्हा अडेल, कारण मधे सुटा करायला दशकच नाही. तेव्हा दहा गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा बांधून ठेवा. तो सोडला की दहा दशक, त्यातला एक सोडला की उरले नऊ दशक आणि तेरा सुटे. शून्याच्या डोक्यावर तो ९ कुठून आला, हे तिला मग विचारावं लागणार नाही.