वाचकांचे प्रश्न : सनस्क्रीन लावूनही चेहरा का रापतो?

प्रश्न : मी शिक्षिका असून जुळे सोलापूर भागात राहते. रोज सकाळी दहाच्या सुमारास स्कूटरने शाळेत जाते. गेले वर्षभर घरातून निघण्यापूर्वी एसपीएफ ५० चे सनस्क्रीन न चुकता लावते. ५० ग्रॅमची ट्यूब मला साधारण चार महिने पुरते. तरीही चेहरा रापला आहे आणि गालांवरील वांगाचे डाग गडद होत चालले आहेत. माझे सनस्क्रीन निकृष्ट आहे, की सोलापूरच्या उन्हापुढे त्याचा उपयोगच होत नाही?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ट्यूब चार महिने पुरते, हे आपण लिहिलेत ते फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. ट्यूबवरील एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. त्या हिशेबाने चेहरा आणि मान यांना एका वेळी एक ग्रॅमहून थोडे अधिक, म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघांइतके, सनस्क्रीन लागते. आपण दिवसाला जेमतेम ०.४ ग्रॅम वापरत आहात. थर पातळ झाला की संरक्षण झपाट्याने घटते. निम्म्या थरात ते निम्मे किंवा त्याहूनही कमी उरते. त्यामुळे ट्यूबवर ५० लिहिलेले असले, तरी आपल्या गालांना त्याचा लहानसा अंशच मिळत आहे. सनस्क्रीन निकृष्ट आहे, असे यावरून म्हणता येणार नाही.

पुरेसा थर दिला, तर त्वचा लाल करणाऱ्या अतिनील ‘बी’ किरणांपैकी एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के अडवते. ३० आणि ५० यांतील अंतर इतके थोडे असल्यामुळे, परवडेल असे ३० चे सनस्क्रीन घेऊन ते सढळ हाताने लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आकडा मोठा म्हणून ते दिवसभर टिकते, हा समजही खरा नाही. घाम आणि स्कार्फचे घर्षण यांनी थर निघून जातो. म्हणून घराबाहेर असताना दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच, ते पुन्हा लावावे लागते. निघण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी लावावे, आणि कान, मानेची मागची बाजू व हँडलवर उघडे राहणारे हात विसरू नयेत.

रापणे आणि वांग यांत अतिनील ‘ए’ किरणांचा मोठा वाटा असतो, आणि एसपीएफ हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांविषयीच सांगतो. यासाठी ट्यूबवर ‘ए’ किरणांपासूनचे संरक्षण दाखवणाऱ्या ‘पीए’ या अक्षरांपुढे अधिकची चिन्हे किती आहेत ते पाहावे. तीन किंवा चार असावीत. ‘ए’ किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात, तेव्हा वर्गात आपली खुर्ची उन्हाच्या खिडकीपाशी असेल तर ती हलवावी. वांग मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत हे अधिक जाणवते. साधे सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असणारे सनस्क्रीन तेथे उपयोगी पडते. मेडिकलमधून परस्पर आणलेली, स्टिरॉइड असलेली डागांची क्रीम कृपया लावू नका. त्यांनी आरंभी डाग फिके होतात, पण पुढे त्वचा पातळ आणि लाल होऊन दुखणे वाढते, याची मला फार काळजी वाटते. वांगाचे उपचार त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्यावेत.

आता सोलापूरच्या उन्हाविषयी. आपले शहर सुमारे १७.७ उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. अतिनील किरणांची तीव्रता सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते, हवेच्या उष्णतेवर नव्हे. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हवा गार असते म्हणून पुष्कळ जण सनस्क्रीन बाजूला ठेवतात. परंतु डिसेंबरातही येथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंश उंच असतो, आणि पावसाळ्यातील विरळ ढगांतून बरेच अतिनील किरण खाली पोहोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसत असेल, तर किरण तीव्र आहेत असे समजावे. ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नये. तेथील उष्णतेने सनस्क्रीन खराब होते.

प्रश्न : आम्ही सांगोल्याजवळ डाळिंबाच्या बागेत दिवसभर काम करतो. इतके सनस्क्रीन आम्हाला कसे परवडणार?
— एक शेतकरी

उत्तर : सर्वांगाला एकदा लावायचे तर सुमारे ३० मिलिलिटर लागते, त्यामुळे आपली अडचण अगदी रास्त आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्याने मुख्य भरवसा कपड्यांवर ठेवावा, आणि सनस्क्रीन चेहरा, कान, मान व हातांचे पंजे एवढ्यापुरतेच वापरावे. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, गडद रंगाचा सदरा पातळ पांढऱ्या सदऱ्यापेक्षा अधिक किरण अडवतो. सुती कापड घामाने भिजले की त्याची ही शक्ती कमी होते, म्हणून दुपारी बदलायला दुसरा कोरडा सदरा जवळ असावा. गांधी टोपीने कान आणि मान झाकली जात नाही. तिच्याऐवजी रुंद काठाची टोपी घालावी, किंवा उपरणे मानेवरून आणि कानांवरून येईल असे बांधावे. फवारणी आणि छाटणी शक्यतो सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर करावी.