पिकाबद्दल तज्ज्ञाला मेसेज करताना तो किती थोडक्यात लिहावा?

तुमची अडचण अशी की सोयाबीनबद्दल पानभर मेसेज केला तर शास्त्रज्ञांचं उत्तर येत नाही, आणि दोन ओळींत विचारलं तर उलट तेच चार प्रश्न विचारतात. दोन्हींचं कारण एकच आहे. उत्तर ज्या गोष्टींवर ठरतं त्या पानभर मेसेजात बुडालेल्या असतात आणि दोन ओळींच्या मेसेजात नसतातच. शब्द मोजत बसू नका, त्या गोष्टी कोणत्या ते आधी ओळखा.

‘सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?’ हाच प्रश्न घ्या. पिवळं पडायला आपल्याकडे निदान चार कारणं असतात. शेंड्याकडची नवीन पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, आणि रान चुनखडीचं किंवा चिभडलेलं, म्हणजे पाणी साचून राहिलेलं, असेल तर बहुधा लोह कमी पडलंय. पानावर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले आणि अशी झाडं रानात इथं एक, तिथं दोन दिसत असतील तर हळद्या, म्हणजे पांढऱ्या माशीमुळं पसरणारा पिवळा मोझॅक. खालची जुनी पानं आधी पिवळी झाली तर नत्राकडं बघावं लागतं, झाड उपटून मुळांवरच्या गाठी तपासाव्या लागतात. तणनाशक फवारून आठवडाच झाला असेल तर तो तणनाशकाचा झटका असू शकतो, बऱ्याचदा पीक त्यातून आपोआप सावरतं. लोहासाठी आधी साचलेलं पाणी काढायचं, वाफसा, म्हणजे रानात बेताचा ओलावा, आल्यावर गरज पडली तर सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी. हळद्यात रोगट झाडं उपटून रानाबाहेर न्यायची आणि पांढरी माशी आवरायची. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. कोणतं पान, कुठला पट्टा, तणनाशक कधी, या सहा शब्दांचं उत्तर मेसेजात असलं की समोरच्याचं निम्मं काम झालं.

मी असा मेसेज लिहीन:

‘राम राम साहेब. सोयाबीनचे शेंडे पिवळे पडलेत, काही फवारावं का थांबावं? औसा तालुका, 3 एकर, वाण एमएयूएस-612. पेरणी 20 जून, आज 34 वा दिवस. भारी जमीन, खालच्या अंगाला चुनखडी. 6 दिवस झड होती, काल उघडली, खाली पाणी साचलंय. पिवळेपणा फक्त त्याच पट्ट्यात, नवीन पानांवर, शिरा हिरव्या. 100 झाडांत साधारण 40. तणनाशक 14 दिवसांपूर्वी. 3 फोटो जोडलेत.’

मोबाईलवर हा मेसेज न सरकवता जवळजवळ एका नजरेत दिसतो. प्रश्न पहिल्याच ओळीत आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘साहेब, एक विचारायचं होतं’ एवढंच पाठवून वाट बघत बसू नका. नमनाला घडाभर तेल घातलं की मुद्द्यापर्यंत वाचणारा पोचत नाही. राम राम मात्र ठेवा, त्याला दोनच शब्द लागतात.

आकडे लिहिताना जास्त घोळ होतो. ‘मृगात पेरलं’ म्हटलं की दहा-बारा दिवसांचा फरक पडू शकतो, म्हणून तारीखच टाका. पीक 25 दिवसांचं की 60 दिवसांचं यावर सल्ला बदलतो. ‘एक झाकण औषध मारलं’ याला काही अर्थ नाही, झाकणं लहान-मोठी असतात. मिली किंवा ग्रॅम, पंप 15 लिटरचा की 20 चा आणि एकरी किती पंप बसले, हे तिन्ही लिहा. औषधाचं नाव लक्षात नसेल तर बाटलीवरच्या घटकाच्या नावाचा फोटो काढा. दुकानातलं नाव कंपनीगणिक वेगळं असतं, आतला घटक तोच असतो. ‘बरीच झाडं’ लिहू नका. रानात चार-पाच ठिकाणी थांबून मिळून 100 झाडं बघा आणि त्यातली किती बाधित ते सांगा. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, पण यानंच मेसेज खरा आखूड होतो.

काय गाळायचं? शेजाऱ्यानं काय मारलं, दुकानदार काय म्हणाला, भाव कसा पडलाय, पिकाचं कर्ज किती आहे. मन मोकळं करायची गरज असते हे मान्य, मेसेजातल्या त्या चार ओळी खोट्याही नसतात. पण त्यांनी निदान बदलत नाही. त्या फोनवर बोलताना सांगा.

उलट एक गोष्ट कधीच गाळू नका: आधी काय काय फवारलं आणि कशात काय मिसळलं. चार औषधं एकत्र मारली असतील तर संकोचानं लोक तेवढंच लपवतात आणि निदान तिथंच चुकतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. कपाशीवरची बोंडअळी असो की सोयाबीनचं खोड पोखरणारा चक्रीभुंगा, मेसेज लांबला तरी हे लिहाच.

फोटो तीनच: पूर्ण रान, एक पूर्ण झाड, आणि पान जवळून, वरून व खालून. पानाची दोन्ही अंगं एका फोटोत हवीत तर दोन पानं शेजारी ठेवा, एक उलटं. पांढरी माशी पानाखाली असते, म्हणून खालची बाजू लागतेच. भर उन्हात रंग फिका येतो, त्यामुळं सावली धरून काढा. चक्रीभुंग्याची शंका असेल तर खोडावरच्या किंवा पानाच्या देठावरच्या दोन गोल खाचा दिसल्या पाहिजेत.

व्हॉइस मेसेज शक्यतो टाळा. तीन मिनिटांच्या बोलण्यातून तारीख आणि मिली लिहून काढायचं काम ऐकणाऱ्यावर येतं, आणि तो मीटिंगमध्ये असला तर ऐकूच शकत नाही. टाइप करणं जमत नसेल तर मोबाईलमध्ये बोलून मराठी मजकूर उमटवता येतो, मग आकडे फक्त तपासून घ्या.

किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर फोन करतानाही हीच माहिती एका कागदावर लिहून हातात धरा. ते सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत चालू असतं, मराठीत बोलता येतं.

एका मेसेजात एकच पीक, एकच त्रास. तुरीचं दुसऱ्या मेसेजात. आणि सल्ल्याप्रमाणे केल्यावर आठ दिवसांनी एक ओळ जरूर पाठवा: ‘पाणी काढलं, नवीन पानं हिरवी येताहेत’ किंवा ‘फरक नाही’.