दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या गाड्यांच्या किमतीत एवढा फरक का असतो? आपल्याकडची कोणती, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की काकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत वीसेक छोट्या ‘लोखंडी’ गाड्या सापडल्या. बहुतेक मॅचबॉक्स या ब्रँडच्या, त्यातल्या दोन तर जुळ्या. नेटवर मात्र त्यातल्या एकीला दुसरीच्या पाचपट भाव दिसतोय.

आधी फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट काढून गाडीच्या टपाला लावा. चिकटणार नाही. ॲक्सलला, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांडीला चिकटेल, तळ पत्र्याचा असेल तर तिथेही चिकटेल. म्हणजे लोखंडी नाहीच ती. अंग आहे जस्ताच्या मिश्रधातूचं, वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरलेलं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या साच्यातच आहे. साचा करायला भरपूर खर्च येतो, गाडी विकायची असते चिल्लर पैशांत. मग तोच साचा वर्षानुवर्षं वापरायचा आणि अडेल तिथे दुरुस्त करायचा. खिडकीचा खांब मोडतोय, जाड कर. चाक घासतंय, मडगार्ड रुंद कर. मागे ट्रेलर जोडायचाय, हूक वाढव. अशी प्रत्येक दुरुस्ती त्यानंतरच्या सगळ्या गाड्यांवर उमटते. आम्ही गाड्या जमवणारे ‘व्हेरिएशन’ म्हणतो ते हेच.

एक खूणगाठ बांधून ठेवा. साच्यातलं पोलाद कोरून काढणं सोपं, पुन्हा भरणं कटकटीचं. साच्यात जिथे कोरलं, तिथे गाडीवर उंचवटा येतो. म्हणून दोन जुळ्यांपैकी एकीच्या पोटात जास्तीची आडवी पट्टी दिसली, तर बहुतेक वेळा ती नंतरची. अपवाद असतात, पण सुरुवातीला हा अंदाज पुष्कळ कामी येतो.

साचा बुजवल्याचं माझं सर्वांत लाडकं उदाहरण मॅचबॉक्सवाल्यांचंच आहे. कंपनीचं नाव लेस्नी, १९४७ साली लंडनमध्ये सुरू झालेली. त्यांनी राजघराण्याच्या घोडागाडीचा मोठा साचा तयार केला, आत राजा आणि राणी दोघं बसलेले. १९५२च्या फेब्रुवारीत राजे सहावे जॉर्ज वारले. आता गाडी विकायची ती मुलीच्या, एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी. साच्यातला राजा काढावा लागला. काढला, पण कंबरेपासून वर. त्यामुळे त्या गाडीत राणीशेजारी नुसते दोन पाय बसलेले दिसतात! पुढे १९५३मध्ये याच घोडागाडीची छोटी आवृत्ती आली, ती दहा लाखांवर खपली आणि काड्यापेटीएवढ्या गाड्यांचा धंदा उभा राहिला.

तुमच्या जुळ्यांकडे येतो. रंग शेवटी बघायचा, आधी चाकं. मॅचबॉक्सची सुरुवातीची चाकं धातूची, मग करड्या प्लास्टिकची, मग काळ्या. मध्ये काही मॉडेलना चंदेरी प्लास्टिकचीही आली. एकाच गाडीचं उत्पादन हा बदल होत असतानाच चालू असेल, तर तीच गाडी दोन-तीन प्रकारच्या चाकांवर मिळते आणि त्यातला एखादा प्रकार जेमतेम काही महिने निघालेला असतो. पाचपट भाव तिथून येतो. १९६८मध्ये अमेरिकेत हॉट व्हील्स आल्या, सुसाट पळणाऱ्या. त्यांना तोंड द्यायला लेस्नीने १९६९पासून बारीक ॲक्सलची ‘सुपरफास्ट’ चाकं आणली. जुनी मॉडेलंच नव्या चाकांवर चढवली, त्या संक्रमणातल्या गाड्यांवर जमवणाऱ्यांचा फार जीव.

मग गाडी उलटी करा. खरी कुंडली तळावर असते. ‘इंग्लंड’ लिहिलंय की ‘मकाऊ’, की ‘थायलंड’? लेस्नी १९८२मध्ये बुडाली, नंतर उत्पादन पूर्वेकडे गेलं. तळ धातूचा की प्लास्टिकचा, तेही बघा. आणि तळावरच्या सालाला भुलू नका. हॉट व्हील्सच्या तळावरचं साल मॉडेलच्या डिझाइनचं असतं, गाडी बनल्याचं नव्हे. कोपऱ्यावरच्या मॉलमधून कालच आणलेली गाडी ‘१९७८ची अँटिक’ म्हणून विकणारे महाभाग मी पाहिलेत. २००८पासूनच्या गाड्यांवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. ए म्हणजे २००८, एच २०१५, मग आय गाळून जे २०१६. एल३४ दिसलं तर २०१८चा चौतिसावा आठवडा.

रंगाबद्दल माझा हात पोळलाय, म्हणून जरा सविस्तर. मॅचबॉक्सचा तेरा नंबरचा डॉज रेकर ट्रक आहे, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा, बीपी या तेल कंपनीचं चिन्ह असलेला. नेहमीचा म्हणजे केबिन पिवळी, मागचा भाग हिरवा. अगदी सुरुवातीचे काही उलटे निघाले, केबिन हिरवी आणि मागे पिवळा, आणि ते सोन्याच्या भावाने जातात. मला एका ऑनलाइन विक्रेत्याकडे तो ‘घाईत विकायचाय’ म्हणून मिळाला. दोन पगारांची बचत घातली. आठ दिवसांनी दहापट भिंग लावून पोटाकडे पाहिलं. तळ धरून ठेवणाऱ्या रिव्हेटच्या डोक्याभोवती गोल, चकचकीत ओरखडा. ड्रिलने उघडून, रंगवून पुन्हा चिकटवलेला. केबिनच्या आतल्या कोपऱ्यात हिरव्याखालून पिवळा डोकावत होता. अजून ठेवलाय टेबलावर, येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याच्या हातात आधी तोच देतो.

कारखान्यात अंग आधी रंगायचं आणि तळ नंतर ठोकला जायचा. म्हणून अशा गाडीच्या रिव्हेटचं डोकं उघड्या धातूचं असायला हवं, न दुखावलेलं. त्याच्यावर रंग असेल तर गाडी नंतर कुणीतरी रंगवलीये, पुढे बघायचं कारण नाही. चाकं बदललेली असली की ॲक्सलचं टोक बोलतं. कारखान्यातली टोकं एकसारखी चेपलेली असतात, घरची हातोडी लपत नाही. आणि कृपा करून गाड्या साबणात बुडवू नका. पाण्याने चिकटवलेले लेबल सुटले की भाव निम्म्यावर येतो. कोरडा मऊ ब्रश, बस्स. एखादीचा रंग भेगाळून अंग फुगल्यासारखं वाटलं तर ती जस्ताची कीड. मिश्रधातूत शिसं वगैरे भेसळ राहून गेल्याने तो आतून तडकतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या दुसऱ्या ब्रिटिश ब्रँडच्या गाड्यांत हे पुष्कळ दिसतं. उपाय नाही, पण शेजारच्या गाडीला लागणही होत नाही, तेव्हा वेगळ्या खोलीत नेऊन ठेवायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम शोधा. तुमच्या ट्रंकेत मॅचबॉक्सपेक्षा मोठी, हातभर नव्हे पण तळहातभर लांब, जाडसर रंगाची एखादी गाडी आहे का? लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डिंकीचे काही जुने साचे १९६०च्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला दिले. तिथे त्यातून ‘निकी टॉइज’ या नावाने गाड्या निघू लागल्या. माझ्याकडे त्यातली फोक्सवॅगन आहे, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एका स्क्रूच्या डब्यात मिळालेली. रंग ओघळलेला, दारांच्या कडा बोथट, थकलेल्या साच्याची सगळी लक्षणं. आणि तळावर जिथे ‘डिंकी’ असायला हवं, तिथे ओबडधोबड खरवडल्यासारखा डाग. तिरका उजेड टाकला की त्या डागातून ‘डी’ची पाठ अजून दिसते. इंग्लंडमधले लोक या गाड्या शोधत हिंडतात आणि आपल्याकडे त्या भंगारात जातात.

तर सगळ्या गाड्या आधी उलट्या करून, खिडकीजवळच्या तिरक्या उजेडात तळाचे फोटो काढा, ॲक्सलची टोकं दिसतील असे. ते इथे टाका. वरून काढलेल्या फोटोंचा उपयोग नाही. आणि तो खरवडलेला डाग सापडला, तर कुणालाही विकण्याआधी मला एक निरोप टाका, स्वार्थ आहे म्हणा हवं तर.